डब्यातला हात

हात खाली सोडा, साहेब, एकदम सैल — नाही नाही, मूठ नका वळू, तो हात आपला नाहीच असं समजून सोडा — हां, अस्सा. लोकांना वाटतं माप देताना शिपायासारखं ताठ उभं राहिलं की कोट छान बसतो. अहो, कोट काय नुसता फोटो काढायला शिवायचाय? त्यात तुम्ही बसणार, वाकणार, कोणाच्या तरी केबिनबाहेर ताटकळणार, मग माणूस जसा आहे तसंच माप घ्यायला नको का? तुमचा उजवा खांदा जरा खाली आहे, ठाऊक आहे? नाही ना? बॅग कायम त्याच खांद्याला अडकवता, म्हणून. आता लगेच सरळ करायला जाऊ नका, असू दे तसाच, आतून थोडी भर घातली की कोणाच्या बापाला कळत नाही. — हो, डाव्या हाताने घेतोय माप. आलं वाटतं लक्षात. सगळ्यांच्याच येतं. विचारत कोणी नाही, पण टेप छातीवरून फिरवताना हा माझा उजवा हात जवळ आला की श्वास धरून ठेवतात — तुम्हीही धरलाय, सोडा आधी — आणि श्वास धरला की छातीचं माप चुकतं. मग कोट तुम्हालाच घट्ट होणार, मला काय त्याचं.

धाकटा ना? येईल इतक्यात. अस्तराचं कापड आणि बटणं आणायला गेलाय. भाऊ माझा. हो, कापायचं काम आता तोच करतो. तुम्हाला ज्यांनी इकडे पाठवलं त्यांनी हेच सांगितलं असणार — कोपऱ्यावर दोघं भाऊ आहेत, त्यातल्या धाकट्याच्या हातात कापड द्या. बरोबर ना? अहो, लाजताय काय, चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या. मला राग नाही. पूर्वी हेच लोक उलटं सांगायचे. मोठा दुकानात नसेल तर कापड परत घेऊन या, धाकट्याकडे टाकून येऊ नका, असं सांगायचे — आणि तेव्हा धाकट्याने हे ऐकलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं, आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं. जरा वळा. पाठ करा माझ्याकडे.

आता तोच सगळं बघतो, पण कात्री धरायला त्याला शिकवलं कोणी? मीच. याच टेबलाशी. आणि पहिली गोष्ट काय शिकवली असेल? सांगा. नाही, धार नाही, धार लावायला कोणीही शिकतं. पहिली गोष्ट म्हणजे — कापताना हाताकडे बघायचं नाही. खडूची रेघ पुढे जिथे वळणार आहे तिथे नजर ठेवायची, हात मागून आपोआप येतो. तुम्ही जिना उतरताना पायांकडे बघता का? बघून बघा एकदा, तोंडावर आपटाल. धाकटा सारखा खाली बघायचा. मान खाली, जीभ बाहेर, डोळे हातावर. मी त्याच्या हनुवटीखाली फूटपट्टी धरून उभा राहायचो, मान खाली गेली की टोचायची. चिडायचा, रडकुंडीला यायचा, म्हणायचा, दादा, बोट कापलं जाईल. म्हटलं जाऊ दे, बोट भरून येतं, कापड नाही येत भरून. आज त्याला बघा कापताना. कात्री चालते खाली, आणि हा पठ्ठ्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो.

मनगट? पडलो हो. मोठी गोष्ट नाही, ऐकायला बसाल तर निराशाच व्हाल. दुकानाचीच पायरी, समोरच्याने बादलीभर पाणी फेकलेलं, मी खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन येत होतो, पाय सटकला, आणि गठ्ठा ओला होऊ नये म्हणून मी हात टेकवला. गठ्ठा वाचला. त्या कापडाच्या पॅण्टी झाल्या, लोकांनी घालून घालून त्या फाडल्यासुद्धा. मनगटाचा चुरा झाला. आत आता धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत, हवा गार झाली की एकेक स्क्रू मोजून घ्यावा असा ठणकतो. प्लास्टर कापून काढलं तेव्हा आतून जे निघालं ते माझं नव्हतंच — बारीक, पिवळट, साल सुटलेलं काहीतरी — बोटं लाकडाची, अंगठा करंगळीपर्यंत जाईना, पहिल्या बोटापर्यंतसुद्धा कण्हत कुथत जायचा. आणि ही दोन बोटं आहेत ना, यांना तर अजून धड काही कळत नाही. हातात रेशीम आहे की गोणपाट, यांना विचारू नका. मघाशी तुमचं कापड मी डाव्या हाताने चाचपलं ते काय उगीच? — चांगलं कापड आणलंय, साहेब. लोकर खरी आहे. असं निळं हल्ली मिळत नाही, सगळं चमकतं. हे चमकत नाही. वडिलांचं? ठेवलेलं होतं होय. तरीच. म्हणजे असंच दुसरं आणायचं म्हटलं तर मिळायचं नाही. नाही, सहज विचारलं.

हात जरा वाकवा कोपरात. बाहीचं घेतो.

मग व्यायाम. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, निळ्या चटया, भिंतीला शिड्या, आणि टेबलाभोवती आमच्यासारखी तुटकी मंडळी बसलेली. एक बेकरीवाला होता, एक सतत हसणारी बाई होती गॅरेजात काम करणारी, आणि व्यायाम करून घेणारी जी होती ती पोरगेलीच, माझ्या भाचीच्या वयाची, मला काका म्हणायची. काका, हा गोळा दाबा. काका, टॉवेल पिळा. काका, हे कपडे वाळत घालायचे चिमटे एकेक करून दोरीला लावा. अहो, ज्या हाताने मी न्यायाधीशाचा कोट कापला त्या हाताने मी चिमटे लावत बसलो होतो, आणि चार चिमट्यांत घाम फुटत होता. घरी बायको बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहायची. म्हणायची, आतून कडी लावू नका, परत उघडता येणार नाही. म्हाताऱ्याला सांगावं तसं. मी मुद्दाम लावली एकदा. मग तिने खिडकीतून हात घालून उघडली, आणि एक शब्द बोलली नाही. ही न बोलणारी माणसं फार वाईट, साहेब. पुढे सांगतो.

एक दिवस ती पोरगी म्हणाली, काका, आज तुम्हाला बागेत नेते. म्हटलं, एवढा मेलो नाही अजून. हसली. आणि डोक्याला डबा बांधला. — हो हो, व्हीआर, मला ठाऊक आहे त्याला काय म्हणतात, मी डबाच म्हणतो. डोळ्यांवर काळा डबा, मागून पट्टा, पट्ट्याला आधीच्या माणसाच्या घामाचा वास आणि त्यावर औषधाचा वास. काळोख. आणि मग एकदम उजेड! बाग, साहेब. झाडं, सफरचंदं, एक पाण्याचा नळ, गवत हलतंय. आणि खाली बघितलं तर माझे दोन हात. माझे म्हणजे काय — कातडी गुळगुळीत, शीर नाही, डाग नाही, नखं कशी कापून ठेवलेली, कोण्या कॉलेजातल्या पोराचे हात. पण मी बोट हलवलं की ते हलायचं. ती म्हणाली, काका, सफरचंद तोडा. तोडलं. टोपलीत टाका. टाकलं. मग म्हणाली, आता नळ फिरवा. मी म्हटलं, बाई, कशाला लाज काढता. म्हणाली, फिरवून तर बघा. फिरवला. फिरला! पूर्ण फिरला, साहेब. मनगट असं इकडून तिकडे, तळवा वर, तळवा खाली — पाणी धो धो आलं आणि मी तिथे खुर्चीत बसून मोठ्याने हसलो. बेकरीवाला म्हणाला, काय दाखवताय तुम्ही ह्यांना, आम्हालाही दाखवा की.

नाही, तिने फसवलं असं मी म्हणणार नाही. म्हणतो कधी कधी, पण ते खरं नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली, काका, एक लक्षात ठेवा, आत दिसतं तेवढं तुमचं मनगट बाहेर वळत नाहीये. तुम्ही एवढंसं वळवता, मशीन ते वाढवून दाखवतं. त्याने दुखण्याची भीती जाते, डोक्याला हुरूप येतो, मग हळूहळू हातही मागून येतो, पण बाहेरचा व्यायाम सोडायचा नाही. सरळ सांगितलं, समजावून सांगितलं. मी हो म्हटलं. नीट ऐकून हो म्हटलं! आता तुम्ही मला सांगा, बाई म्हणते हा हात वाढवून दाखवलाय, आणि डोळे म्हणतात, हा बघ, फिरला. कोणाचं ऐकायचं? मी डोळ्यांचं ऐकलं. आयुष्यभर त्यांच्याच भरवशावर तर पोट भरलंय. तुम्ही असतात तरी ऐकलं असतंत. — नसतं? मग तुमचे दोन्ही हात चांगले आहेत म्हणून म्हणताय.

आणि त्यात तिने आणखी एक केलं. चांगल्या मनाने केलं, तेच तर. विचारलं, काका, तुमचं काम नेमकं कसं असतं? मी सांगितलं, हातवारे करून सांगितलं, तिने कोणा कॉम्प्युटरवाल्यांच्या मागे लागून माझ्यासाठी आत टेबल करून घेतलं. कापायचं टेबल! एकट्या माझ्यासाठी. त्यावर राखाडी कापड, कधी संपत नाही, पांढरी रेघ, आणि कात्री. हातात खरं म्हणजे काहीच नाही, रिकामी मूठ उघडायची नि मिटायची, पण आत ती कात्री कापत जायची. वजन नाही तिला, आवाज नाही, कापड सरकत नाही, सुरकुतत नाही — अहो, कापड सुरकुतत नाही म्हणजे काय चैन आहे हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. मी कापत सुटलो. बाह्या कापल्या, पाठी कापल्या, कॉलरी कापल्या. ती म्हणायची, काका, बास आता, वेळ झाली. मी म्हणायचो, एवढी बाही होऊ द्या. रडलोसुद्धा एकदा आत. डब्यात डोळे पुसता येत नाहीत हो. काच धुरकटली, तिला बाहेर पडद्यावर दिसेना मी का थांबलो ते, म्हणाली, काका, वाफ धरते कधी कधी, काच पुसून देऊ का? म्हटलं, द्या पुसून.

आता ऐका. त्या डब्यात हाताला काही लागत नाही. मग कात्री कुठे आहे ते कळणार कसं? बघून. सारखं बघत राहावं लागतं. नजर काढली की हात भरकटतो, नजर ठेवली की बरोबर चालतो. आणि बघायला आवडायला लागलं मला. तो देखणा हात — उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय — त्याच्यावरून नजर हलवावीशी वाटायची नाही. माणूस आरशासमोर उगीच उभा राहतो ना, तसं. टॉवेल पिळणं मी घरी कधीच सोडलं होतं. कशाला पिळू? तिथे आत मी कोट कापतोय आणि घरी टॉवेल पिळू?

मग दुकानात परत आलो. धाकट्याने टेबल पुसून ठेवलं होतं, माझी कात्री तेल घालून मधोमध ठेवली होती. म्हणाला, दादा, सावकाश. म्हटलं, सावकाश काय, आण इकडे काय आहे ते. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा लांब कोट होता, तपकिरी कापड, दुहेरी अंथरलेलं. अंगठा कात्रीत कसाबसा गेला, हात दुखत होता, पण चालला. चालला! मी बघत होतो ना. कात्री उघडत होती, मिटत होती, डब्यातल्यासारखी. मी मनात म्हटलं, बघ, बघ कसा चाललाय. आणि धाकटा ओरडला, दादा! — मी वर बघितलं. रेघ ती तिकडे राहिली होती, साहेब. वीतभर तिकडे. आणि माझी कात्री समोरच्या भागातून तिरकी वर चढत गेलेली, दोन्ही पदर कापत. मी हाताकडे बघत होतो. मी! ज्याने त्याच्या हनुवटीला पट्टी टोचली तो मी हाताकडे बघत होतो आणि रेघ केव्हाच सुटली होती.

काय म्हणाला असेल? काहीच नाही. कापड गोळा केलं, आत नेऊन ठेवलं. दोन चहा सांगितले. माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाला, दादा, आजपासून तू मापं घे, मी कापतो. बस, एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. शिवी दिली असती ना, मी उलट चार दिल्या असत्या, भांडलो असतो, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. समजूतदार माणसाला काय उलट देणार? त्या बाईंनाही त्यानेच जाऊन सांगितलं, माझ्याकडून कापलं गेलं चुकून, म्हणाला. माझ्याकडून! कोणी सांगितलं होतं याला? माझी चूकसुद्धा घेऊन गेला तो. आणि कात्री ठेवली खालच्या खणात, चिंध्यांच्या खाली. लपवली नाही म्हणतो. जपून ठेवली म्हणतो.

आणि चांगलं कापतो हो तो. हेच तर जिव्हारी लागतं. वाईट कापत असता तर मी सुखाने जगलो असतो.

मग मी गेलो त्या पोरीकडे. भांडायलाच गेलो. सगळ्या खोलीदेखत बोललो, वाट्टेल ते बोललो, खोटारडी म्हटलं, तुमच्या खेळण्याने माझा धंदा बुडवला म्हटलं, ती गॅरेजवाली हसायची थांबली. पोरीने ऐकून घेतलं. डोळे भरले होते तिचे, पण ऐकून घेतलं. मग विचारलं, काका, घरी टॉवेल पिळता का? पिळतो म्हटलं. खरं सांगा, म्हणाली. मी हात खिशात घातला. म्हणाली, बसा, आज आत जसं आहे तसं दाखवते, वाढवून नाही. म्हणजे तुम्हालाही कळेल आणि मलाही कळेल कुठून सुरुवात करायची. मी बसलो. मला वाटलं, काय फरक पडणार आहे? डबा बांधला. उजेड आला. तेच टेबल, तीच रेघ. मी मूठ उघडली. — उघडलीच नाही. तो गुळगुळीत तरणा हात, साहेब, तोच — पण बोटं अर्धी आखडलेली, अंगठा वाकडा, मनगट आडवं, आणि सगळा थरथरतोय. आतसुद्धा माझाच हात. एक जागा होती जिथे तो नव्हता, आणि तिथेही तो येऊन बसला. डबा काढला, तिच्या हातात दिला आणि खाली उतरलो. ती जिन्यापर्यंत मागे आली, काका, अजून वेळ गेलेली नाही, रोज केलंत तर पुष्कळ येईल, काका ऐका तरी. फोन येतो तिचा अजून. मी उचलत नाही. काय सांगू तिला? पुष्कळ म्हणजे किती, हे तिने मला सांगावं आधी. चिमटे लावण्याइतकं पुष्कळ?

झालं, झालं माप. घाला तुमचा शर्ट नीट. — कधी हवाय कोट? या आठवड्यात? अहो, मग आधी नाही का बोलायचं! धाकट्याकडे ही एवढी चळत आहे, बघा, त्याच्याकडे गेलात तर तुमचा नंबर कधी लागायचा. मी सांगतो काय करू. मी कापतो. आत्ता. तुमच्यासमोर. शिवून घ्यायला कारागीर बसलेलेच आहेत मागच्या गल्लीत, कापलेलं असलं की अडतं कुठे? — धाकट्याची वाट कशाला बघायची? तो काय वेगळं करणार आहे? द्या इकडे. द्या हो. हिसकत नाहीये, तुम्हीच घट्ट धरलंय. साहेब, मी काय म्हणतोय, आत्ता मी तुम्हाला सगळं सांगितलं ना? चूक कुठे झाली ते मला कळलंय की नाही? मग ज्याला चूक कळलीय त्याच्याच हातून काम बरोबर होणार. मी आता हाताकडे बघणार नाही. रेघेकडे बघणार. एवढं साधं आहे. — सोडा. हां. ठीक.

बघा कसं पसरतं. लोकर बोलते टेबलावर टाकली की. हे टोक धरा तुम्ही जरा, तसंच धरून ठेवा. खडू — खडू मी डाव्या हाताने मारतो, त्यात काही नाही, रेघ सरळ आल्याशी मतलब. आली की नाही? ही पाठ. हा खांदा, तुमचा उजवा जरा खाली घेतला. ही बगलेची गोलाई. बघा, डाव्या हाताने सुद्धा कशी उतरली. डोकं तर प्लास्टरमध्ये नव्हतं ना माझं! — थांबा, खण अडकतो. चिंध्या बाजूला करा. ही. ही बघा. धरून बघा वजन. ती डब्यातली कात्री म्हणजे नुसती थट्टा, कात्री ही अशी असते, ठेवली की टेबलाला कळलं पाहिजे. आणा. अंगठा जरा — या सांध्याशी सुजतो तो, जायचा पटकन पूर्वी — जाईल. जाईल. तुम्ही तिकडे बघा. तिकडे, आरशात बघा, कोट घालून कसे दिसाल ते बघा. हं — गेला! गेला बघा आत. दुखत नाही. नाही हो, घाम उकाड्याचा आहे.

धरलंय ना टोक? आता बोलू नका. मी रेघेकडे बघतोय. — — ऐकलंत? ऐकलंत का आवाज? तो कर्रर्र आवाज, टेबलावरून पाती घासत जाते तो? साहेब, किती महिने — आत तो आवाज नव्हता! सगळं केलं होतं त्यांनी, झाडं केली, पाणी केलं, आवाज नव्हता केला. रेघेवरच आहे की नाही? सांगा तुम्ही, मी हाताकडे बघणार नाही, तुम्हीच सांगा. रेघेवर ना? आता दुसरा काप. उघडायची आणि — उघडायची — थांबा. उघडेल. टोक सोडू नका. हं. — उघड की रे. — तुम्ही नका येऊ मदतीला, तुम्ही टोक धरा. अंगठा जरा रुतलाय. काढतो आणि परत घालतो. — निघत नाहीये. कात्री जड आहे ना, तिने अशी ओढ घेतलीय. निघेल. गप्पा मारा काहीतरी. वडील काय करायचे तुमचे?

— आलास? ये. बटणं मिळाली मनासारखी? काही नाही रे, साहेबांचं माप घेत होतो. — हो, माप. — काय बघतोस, ठेवतो म्हटलं ना, ठेवतो. — अरे ओढू नकोस! अंगठा अडकलाय. सुजलाय सांध्याशी, कात्रीची कडी रुतलीय आत. — नाही, दुखत नाही. — साबण आण, मोरीवरचा. आधी कापड काढ खालून, कापड काढ, पाणी पडेल त्याच्यावर! त्यांच्या वडिलांचं आहे ते, दुसरं मिळायचं नाही. — कुठवर गेलाय बघ काप. शिलाईत दबून जाईल ना? जाईल ना रे? बोल की. आता तरी बोल, शिवी दे, काहीतरी दे. — हळू. — साहेब, तुम्ही अजून का उभे? टोक सोडा आता. सोडा. कापड धाकट्याकडे राहू द्या, तो करील नीट, चांगला कापतो तो. तुम्ही या आता. — कशाला थांबताय? बघायचंय काय यात? या म्हटलं ना. दुकान बंद आहे. दुकान बंद आहे, साहेब!